साडेचार फुटांचा खड्डा

सांगितलेल्या भावाने मी आयुष्यात फक्त एकदा काडेपेटी घेतली, तीही दुकानदार माझ्याहून तापट निघाला म्हणून. बाकी सगळं घासाघीस करून. रोहिणखेडला रस्त्याकडेचा गाळा असाच मिळवला. वेल्डिंग मशीनही मलकापूरहून असंच आणलं. जुनं, पण माझं. बारा वर्षं दुसऱ्याच्या दुकानात खिडक्या जोडल्यावर माणसाला ‘माझं’ म्हणायची घाई होते.

शेजारच्या गाळ्यात एक ताई शिलाईकाम करतात. मशीन यायच्या आधीच त्यांनी गाळ्यांच्या मालकाकडे तक्रार केली, की ठिणग्या उडतील, गिऱ्हाइकांचे कपडे जळतील. मालकाने निकाल दिला: दोन गाळ्यांच्या मध्ये पत्र्याचा पडदा घाला, खर्च वेल्डिंगवाल्याचा. एकही ठिणगी उडाली नव्हती आणि दंड भरून झाला होता. मी भंगारातून लोखंडी पत्रा मिळवला आणि रागाच्या भरात तो पडदा असा उभारला, की हत्तीनेही हलू नये. मशीनचा स्टँडसुद्धा त्याच पडद्याच्या अँगलला पक्का वेल्ड करून टाकला.

जोडणीला गावातले म्हातारे वायरमन काका आले. त्यांनी जाड केबल सांगितली, आणली. वेगळा मेन स्विच सांगितला, बसवला. मशीन ओल्या जमिनीवर नको, गळक्या पत्र्याखाली नको, तेही ऐकलं. मग काका म्हणाले, “आता अर्थिंगले आठ फूट खड्डा पाह्यजे.”

“काका, मी मशीन बसवून राह्यलो, विहीर नाही.”

“मशीनच्या अंगात करंट उतरला तं तो जमिनीत गेला पाह्यजे. नाही तं माणसातून जाते.”

“तीन फूट.”

“आठ.”

“मुरूम हाये इथं. साडेतीन.”

साडेचार फुटांवर पहार मुरमावर आपटून परत येऊ लागली आणि आमचा सौदा तुटला, म्हणजे माझ्या बाजूने जुळला. पाईप उभा केला, भोवती कोळसा आणि मीठ भरलं. श्रावण होता, जमीन चिंब होती. काकांनी बल्बची एक वायर फेजला आणि दुसरी अर्थिंगला लावून पाहिली. जमीन करंट ओढत असेल तर बल्ब पेटतो. तो लख्ख पेटला. मी काकांकडे बराच वेळ पाहत राहिलो. ते सामान आवरत म्हणाले, “उन्हाळ्यात रोज दोन बादल्या पाणी टाकजा खड्ड्यात.” मी हो म्हणालो. हो म्हणायला काही लागत नाही.

वैशाखात गावाला टँकर सुरू झाले. तेव्हा जमिनीत पाणी ओतणारा माणूस लोकांनी वेड्यात काढला असता. त्याच दिवसांत ताई माझ्या दारात आल्या.

“भाऊ, तुमचं मशीन सुरू झालं का माह्या मशीनले मुंग्या येतात.”

“किराणा दुकानात पावडर मिळते.”

“पायडलवर पाय ठेवला का झिणझिण होते. मी मालकाले सांगतलं.”

माझ्या सगळं लक्षात आलं. आधी पडदा घालायला लावला, आता ताईंना माझा गाळाच घ्यायचा होता. मालक दुपारीच आला. “खरं निघालं तं तू गाळा खाली कर,” तो मला म्हणाला. “खोटं निघालं तं मी ताईची तक्रार पुन्हा ऐकत नाही.” हा व्यवहार मला आवडला.

मी माझं मशीन सुरू केलं, ताईंच्या गाळ्यात गेलो आणि शिलाई मशीनच्या लोखंडी पायावर अख्खा तळहात ठेवला. काही नाही. “पाह्यलं?” मी मालकाला विचारलं. त्याने मान हलवली.

ताई काजं करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “चप्पल काढा, भाऊ.”

“काऊन?”

“मी चप्पल घालून मशीन चालवत नाही.”

गारव्यासाठी त्यांनी फरशीवर पाणी शिंपडलेलं होतं. मालक बघत होता, म्हणून चप्पल काढली आणि पुन्हा हात लावला. पुढचं एवढंच आठवतं, की मी ब्लाउजांच्या ढिगात बसलेलो होतो आणि मालक हसायला बाहेर गेला होता.

काकांना बोलावलं. या वेळी बल्ब विडीच्या टोकाएवढा लाल झाला, बस. जमीन वाळली होती. जुन्या मशीनमधला करंट त्याच्या लोखंडी अंगात गळत होता. अंगातून स्टँडला, स्टँडमधून पडद्याला, आणि पडद्याला टेकलेल्या शिलाई मशीनला. काका फक्त “आठ फूट” एवढंच म्हणाले.

मालक ताईंना म्हणाला, “तुमी म्हणसान तं आजच याचा गाळा खाली करून घेतो.”

मग मी ताईंशी सौदा सुरू केला.

“खड्डा सहा फूट करतो.”

“आठ.”

“स्टँड पडद्यापासून तोडतो.”

“तोडाच. अन् आठ.”

“रोज एक बादली पाणी.”

“दोन. अन् दर सोमवारी तो बल्ब माह्यासमोर लावा.”

“महिन्यातून एकदा.”

ताईंनी सुईत दोरा ओवला. समोरचा उठून जातो, शिव्या देतो, हे मला चालतं. गप्प बसणाऱ्याचं काय करायचं, ते मला कोणी शिकवलेलं नाही.

“दर सोमवारी,” मी म्हणालो.

मुरमाने तीन दिवस घेतले. मशीन उघडून दुरुस्त केलं. करंट गळला की आपोआप पडणारा स्विच काकांनी बसवला. भर वैशाखात बल्ब लख्ख पेटला. तेव्हापासून दर सोमवारी ताई दारात उभ्या राहून बल्ब पाहतात आणि मगच मशीनवर बसतात.

पडद्याच्या खर्चाचा विषय मात्र मी सोडलेला नाही. मागच्या सोमवारी खड्ड्यात पाणी ओतताना पुन्हा काढला.

“मी मालकाले सिमेंटचा पत्रा सांगतला होता,” ताई म्हणाल्या. “लोखंडाचा तुमीच शोधून आणला, स्वस्त पडला म्हणून.”

मी रिकामी बादली खाली ठेवली. दुसरी बादली ओतायची राहिली होती.