सुलट जोडलेली तार

कोणत्याही खोलीत पाऊल टाकलं की ते आधी एक टाळी वाजवायचे आणि मान तिरकी करून ऐकायचे. खोली कशी बोलते ते त्यांना कळायचं म्हणे. मयताच्या घरी त्यांची बायको त्यांचा हात धरून बसायची, ती याचसाठी.

तुमच्याही ओळखीत असा एखादा कानाचा वेडा असेल. आमचे हे पिपरी मेघे गावातले शेजारी. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीत जन्म गेला, हौस मात्र घरी स्पीकर बनवायची. मी शाळेत विज्ञान शिकवायचो, म्हणून ते मला सर म्हणत आणि मीही त्यांच्यापुढे ज्ञान पाजळत असे.

त्यांचा हट्ट एकच. पेटीत खर्जाचा मोठा स्पीकर असतो आणि बारीक आवाजाचा ट्वीटर. दोघांत आवाजाची वाटणी करणारं सर्किट म्हणजे क्रॉसओव्हर. बाजारातली मंडळी त्यात दोन कॉइल, दोन कपॅसिटर घालतात आणि मेळ बसावा म्हणून ट्वीटरच्या तारा उलट्या जोडतात. आवाज मोठा काढता येतो, ट्वीटरही सहसा जळत नाही. यांना ते नामंजूर. एकच कॉइल, एकच कपॅसिटर, तारा सुलट आणि ट्वीटर जरासा मागे सरकवलेला.

"मानूस एका तोंडानं बोलते, सर. दोघं संगंच निघाले पाह्यजे," असं ते म्हणत. दिवसातून चारदा तरी म्हणत; तारांचा उलटसुलट हिशेब मात्र मला तेव्हा नीट कळला नव्हता.

समाजभवनासाठी त्यांनी अशी जोडी बनवली. समितीला डीजेवाल्याचे डबे हवे होते. यांनी महिनाभर मनधरणी केली, तेव्हा कुठे खंजिरी भजनाच्या कार्यक्रमात ऐकून ठरवू, इथवर गाडी आली. खंजिरीचा कार्यक्रमही यांनीच मागून घेतला होता. थाप क्षणात येते आणि जाते, दोन स्पीकर मागेपुढे झाले की तिथं लपवता येत नाही. आठवडाभर आधी घरी या पेट्यांवर खंजिरीची रेकॉर्ड वाजवून दाखवली, तेव्हा डोळे मिटले तर खंजिरीवाला समोर बसलाय असं मलाही वाटलं होतं.

कार्यक्रमाच्या दुपारी ते कपडे बदलायला घरी गेले. पेट्यांची मागची पाटी बंद करायचं काम माझ्याकडे होतं. मी फोनवर क्रॉसओव्हरचा कुठलासा नकाशा पाहिला होता, त्यात ट्वीटर उलटा जोडलेला. यांचा सुलट. म्हाताऱ्याची नजर चुकली असणार, चारचौघांत फजिती नको, असा विचार करून मी दोन्ही पेट्यांतल्या तारा बदलल्या आणि स्क्रू पिळले. त्यांना विचारलं नाही. विचारतो कशाला, मी विज्ञानाचा मास्तर.

सतरंजीवर बसलेल्यांना गाणाऱ्याचा आवाज रांजणातून आल्यासारखा आला. थाप फुटकी वाटत होती. समितीचा सचिव सगळ्यांसमोर हसला आणि यांनी आता स्वयंपाकघरातले मिक्सरच दुरुस्त करावेत, असं म्हणाला. ते उठले, पेटीजवळ वाकून बराच वेळ ऐकत राहिले आणि माझ्याशेजारी येऊन बसले.

"पेट्या तुमी बंद केल्या, सर, त्याच्यात चूक नाई," ते हळूच म्हणाले. "घरी मले बरोबर वाटलं होतं. म्हंजे माहेच कान गेले."

दुसऱ्या दिवशी मी फोनवरचं ते पान शेवटपर्यंत वाचलं. तो नकाशा दोन कॉइलवाल्या सर्किटचा होता; यांच्या एका कॉइलला सुलट तारच बरोबर होती. त्यांचं दार माझ्या दारापासून बारा पावलांवर. मी गेलो नाही.

समितीने डबे आणले, पेट्या यांच्या घरी परत आल्या. त्यांनी दुरुस्तीचं दुकान बंद केलं. कुणी जुना रेडिओ घेऊन आलं तर, मले आयकू येत नाई, असं सांगून परत पाठवायचे. मला माझी चीड येते. खरं सांगायचं तर त्यांचीही येते. एकदा पाटी काढून पाहायला काय झालं होतं? माझ्यावर एवढा भरवसा ठेवायला कुणी सांगितलं होतं?

यंदा ते गेले. तेरवीनंतर मी भेटायला गेलो, तर वहिनींनी चहा पुढे ठेवला आणि समोर बसल्या.

"सर, तुमी तं शिकलेले. याइचे कान खरंच गेले होते का? मी सैपाकघरात बांगडी सरकवली तरी त्याइले आयकू ये."

"वय झालं होतं, वहिनी," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. सरांनी सांगितलं म्हणजे तसंच असणार, असं म्हणाल्या आणि चहा निवतोय याची मला आठवण करून दिली.