आत्याचं मीठ

अंधेरी पूर्वेला एका काचेच्या इमारतीत बसून मी अमेरिकेतल्या आजाऱ्यांच्या फायली वाचते. डॉक्टरने जे लिहिलंय त्याला ठरलेला कोड लावायचा, एवढंच माझं काम. रक्तात एखाद्या औषधाचं प्रमाण नको तेवढं सापडलं तर त्यालाही कोड असतो. लिथियम या मनाच्या आजारावरच्या औषधाचा तर कोडच्या पुस्तकात नावानिशी उल्लेख आहे. पण आकडा दिसला की कोड ठोकून मोकळं व्हायचं नाही. आधी शोधायचं, औषध सांगितलं तसंच घेतलं होतं का? तसंच घेऊन त्रास झाला असेल तर तो औषधाचा दुष्परिणाम. जास्त घेतलं असेल तर विषबाधा, आणि मग ती चुकून झाली, मुद्दाम केली की दुसऱ्याने केली, हा पुढचा प्रश्न. हेतूबद्दल कोणी काहीच लिहिलं नसेल तर अपघात धरायचा. हा नियम मला फार आवडतो.

आमच्या मुलुंडच्या घरात नियम उलटा होता.

बाबांची मोठी बहीण, माझी आत्या, आमच्याकडेच राहायची. कॉलेजात असताना तिचं डोकं फिरलं होतं, हे आमच्याकडचे शब्द. तेव्हापासून ती लिथियमच्या गोळ्यांवर होती आणि चांगली ठणठणीत होती. सगळ्यांचे कपडे इस्त्री करायची, भाजी निवडायची, टीव्हीवरच्या मालिकांना नावं ठेवायची. पण ती जरा मोठ्याने हसली की आई बाबांकडे बघायची. गप्प बसली तरी बघायची. बाकीच्यांना मूड असायचे, आत्याला फक्त लक्षणं असायची.

दादाचं लग्न जमत नव्हतं. आई नवस बोलली, की लग्न होईपर्यंत घरातलं एक माणूस मीठ सोडेल. नवस आईचा, पण मीठ सोडायची वेळ आल्यावर तिला स्वतःची तब्येत आठवली.

"वन्सं, माझं बीपी लो होतं हो. तुम्हीच सोडा ना. तुम्हाला कुठे कामाला जायचंय?"

आत्या लगेच हो म्हणाली. त्या घरात तिच्याकडे कोणी काही मागितलं, याचाच तिला आनंद झाला होता. आई मीठ घालायच्या आधी तिची आमटी-भाजी वाटीत काढून ठेवायची आणि आल्यागेल्याला ती वाटी दाखवायची. आत्या लाजून खाली बघत अळणी भात कालवायची.

नवस पावला म्हणायचा, कारण थोड्याच दिवसांत दादाचं जमलं. आणि जमलं त्याच आठवड्यात आत्या नकोशी झाली. घर एका बेडरूमचं. ती खोली दादाला आणि नव्या सुनेला, आईबाबा हॉलमध्ये, मग आत्याची कॉट कुठे टाकायची? बाबा गुपचूप बदलापूरच्या पुढे एक आश्रम बघून आले होते. मी आकांडतांडव केलं.

"तिच्या नवसावर लग्न जमलं ना रे तुझं?" मी दादाला विचारलं.

"यार, तू सेंटी नको होऊ. त्या लोकांना आत्याचं सांगितलेलंच नाहीये. कळलं तर वाट लागेल ना."

शेवटी बाबा थोडे नमले. आत्या स्वयंपाकघरात झोपेल, म्हणाले, पण एकदा जरी काही झालं तर सरळ आश्रम. आत्या दाराआड उभी राहून ऐकत होती. त्या दिवसापासून ती जवळजवळ चवड्यांवर चालायला लागली.

आणि मग तिचे हात थरथरायला लागले. नवरीकडची माणसं आली तेव्हा दूरची नातेवाईक म्हणून तिला चहा द्यायला पाठवली, तर ट्रेमधले कप खडखडत होते. माणसं गेल्यावर आई म्हणाली, "मुद्दाम करतायत. त्यांना बघवत नाहीये." दादाने तिच्या चालण्याची नक्कल केली आणि बाबा हसले. माझे बाबा तसे दुष्ट नाहीत, असं मी पुष्कळ वर्षं मानत आले होते.

एका दुपारी आत्याला उलट्या सुरू झाल्या, जीभ जड झाली, ती मला ओळखेना. हॉस्पिटलात रक्त तपासलं, तर लिथियम जेवढं चालतं त्याच्या दुप्पट निघालं. ड्यूटीवरच्या डॉक्टरने विचारलं, किती गोळ्या घेतल्या?

"घेतल्या असतील मूठभर," आई म्हणाली. "घरात कार्य आहे ना, तेच खुपतंय."

डॉक्टरने लिहून घेतलं, स्वतःहून जास्त गोळ्या घेतल्या. थोड्या वेळाने एक हवालदारही येऊन बसला. परक्या देशातल्या परक्या माणसांसाठी मी रोज जो प्रश्न विचारते, तो माझ्या आत्याबद्दल कोणी विचारला नव्हता. मी रिक्षाने घरी जाऊन तिची वारांची गोळ्यांची डबी घेऊन आले. ती दर रविवारी बाबाच भरायचे आणि गोळ्यांची पाकिटं स्वतःच्या कपाटात कुलपात ठेवायचे. झालेल्या वारांचे कप्पे रिकामे होते, उरलेले भरलेले. कपाटातलं एकही पाकीट कमी नव्हतं, हे बाबांनाही कबूल करावं लागलं.

संध्याकाळी मोठे डॉक्टर आले. त्यांनी डबी बघितली आणि विचारलं, खाण्यापिण्यात काही बदल?

"छे हो," आई अभिमानाने म्हणाली. "उलट पथ्यच. मीठसुद्धा सोडलंय त्यांनी, आमच्या मुलासाठी."

डॉक्टरांनी डबी बाजूला ठेवली. मग त्यांनी सांगितलं की शरीरात मीठ कमी पडलं की मूत्रपिंडं लिथियम बाहेर टाकत नाहीत, धरून ठेवतात. गोळ्या तेवढ्याच, पण रक्तात साचत जातात. अशा माणसाचं मीठ कधीच तोडायचं नसतं. त्यांनी आधीचं लिहिलेलं खोडलं, हवालदाराला परत पाठवलं आणि आत्याला सलाईन लावलं.

सलाईन म्हणजे मिठाचं पाणी, हे आईला नर्सकडून कळलं. ती तडक बाहेर गेली आणि गुरुजींना फोन लावला. शिरेतून गेलेलं मीठ नवसाला चालतं का, हे ती विचारत होती.

आता तरी आत्या घरी राहील, असं मला वाटलं. तिने काहीच केलं नव्हतं, हे डॉक्टरनेच सांगितलं होतं. बाबांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"चूक कोणाची का असेना," ते म्हणाले. "आपल्याला ताईचं करायला जमत नाही, हे तर दिसलं ना? तिथे निदान मीठ तरी देतील."

इतकं बिनतोड बोलणं मी आयुष्यात ऐकलं नाही. मला त्यांचा संताप आला, अजून येतो. आत्याला हॉस्पिटलातूनच परस्पर आश्रमात नेलं.

दादाचं लग्न दणक्यात झालं. मी मात्र नव्या वहिनीला पहिल्याच आठवड्यात सगळं सांगून टाकलं, घरात जे व्हायचं ते झालं, आणि मी आत्याला भेटायला गेले.

ती पार वाळली होती. ताट पुढ्यात होतं, त्यातली आमटी आणि भाजी तिने बाजूला सारली होती आणि ती दही घालून अळणी भात खात होती. चमचा थरथरत होता. आश्रमातल्या बाई म्हणाल्या, "गोळ्या वेळेवर घेतात, पण मिठाचं काही घेतच नाहीत. आम्हाला कोणी काही सांगितलं नाही, आम्हाला वाटलं बीपीचं पथ्य असेल." डॉक्टरांचा निरोप बाबा कळवणार होते.

"आत्या, अगं मीठ का खात नाहीस? डॉक्टरांनी सांगितलंय ना तुला?"

"असं मधेच कसं सोडू गं? नवस आहे." तिचे शब्द जड येत होते. "लग्न कधी आहे दादाचं? तारीख ठरली का?"

मी आमटीची वाटी उचलून तिच्या भातावर ओतली.