दगडांतली पंद

माझं माहेर आंबेनळी घाटाच्या माथ्यालगतच्या वाडीत आणि सासर खाली पोलादपूरजवळ, भातखाचरांच्या गावात. दर भादव्यात गौरी आल्या की आई घाट उतरून माझ्याकडे यायची आणि अळूच्या ओल्या पानात गुंडाळून कातळावरची पंदेची फुलं आणायची. पंद म्हणजे जमिनीत गड्डा धरून राहणारं झाड. पावसात फुटतं, भादव्यात बारीक पांढऱ्या फुलांची छत्री उघडतं आणि दिवाळीनंतर जागेवर काही उरत नाही. आमच्या वाडीत तिच्यावाचून गौर पुजत नसत.

पण खाली पोचेपर्यंत फुलांनी माना टाकलेल्या असायच्या. लग्नानंतरच्या पहिल्याच गौरीला सासूबाईंनी ती पानासकट उचलली. "सुकलेलं फूल गौरीला चालत नाय गो," असं म्हणून परसातल्या उकिरड्यावर टाकून आल्या. आई ओसरीवर पदर पिळत बसली होती. तिनं पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. मला असा संताप आला की त्या दिवशी मी जेवायला बसलेच नाही.

गौरी पूर्वा नक्षत्रावर आल्या की आमच्याकडे नवी सून पाच सुपं भरून गौरीला ओवसते, म्हणजे ती सुपं तिच्यापुढं ओवाळते. ती सुपं माहेरहून येतात. त्या वर्षी पूर्वा नव्हती, म्हणजे माझा ओवसा लांबला आणि मला मुदत मिळाली. मी ठरवलं, माझ्या सुपात पंद असणार, ताजी असणार, आणि ती याच परसात उगवणार.

उन्हाळ्यात माहेरी गेले तेव्हा आईला न सांगता गड्डे खणून आणले. आम्हा शेतकऱ्यांना चांगली माती म्हणजे राबाची. शेण, पालापाचोळा पसरून जमीन भाजायची आणि त्यात भाताची रोपं करायची. मी त्या राबाचाच एक कोपरा पंदेला दिला. जावयाला पाटावर बसवावं तसे गड्डे बसवले, वर शेणखतही घातलं. पानं ही एवढाली आली. मी खुशीत. आषाढात एक पान पिवळं दिसलं म्हणून ओढलं, तर सगळं झाड हातात आलं. खाली गड्ड्याचा नुसता चिखल झाला होता.

रडले. मग चुलीपुढे बसून आठवलं, वर गड्डे काढताना पहार आत जाईना, भेगेत जेमतेम चिमूटभर माती. तिथं तिला कोण शेण घालत होतं? लाडानंच मारली होती मी तिला.

पुढच्या उन्हाळ्यात परसाच्या उतारावर दगड रचायला घेतले. नदीतले गोटे नकोत, खडबडीत, कोनांचे काळे दगड हवेत, म्हणून टेकाडावरून एकेक डोक्यावर आणला. फटींत खडी भरली, माती हात आखडून घातली आणि माहेरहून पुन्हा आणलेले गड्डे त्यात लावले. सासूबाई शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "लोक शेतातले दगड येचून टाकतात, आमची सून परसात दगड पेरते."

"पेरते तर पेरते," मी म्हटलं, "उगवले की सांगते."

त्या पावसाळ्यात नुसती पानं आली, तीही खुरटी. शेजारणीनं जाता जाता विचारलंच, "दगडांना मोड आले काय गो?" उत्तराची उधारी ठेवायचा माझा स्वभाव नाही, पण या वेळी ठेवली. खत घालायला हात शिवशिवत होता, तो आवरला. पानं गेली, उन्हाळाभर दगड तापले आणि मी तिकडे फिरकलेसुद्धा नाही.

पुढच्या वर्षी पूर्वा आली, आणि दगडांतून दांडा आला. गौरीच्या सकाळी छत्री पुरती उघडली होती. मी ती विळ्यानं कापून घेतली. सासूबाईंनी निरखून पाहिली. "तुझ्यापुढं हात टेकले बाय," म्हणाल्या आणि सुपं येईपर्यंत स्वतःच्या हातानं पाण्याच्या तांब्यात ठेवली. मला गगन ठेंगणं झालं.

दुपारी आई सुपं घेऊन आली, गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली. काखेत अळूच्या पानाची पुडी होती. तिनं तांब्यातली टवटवीत पंद पाहिली, मग परसात जाऊन दगड पाहिले, हात लावून पाहिले.

"ब्येस केलंस," ती म्हणाली. "आता मला दरसाल उतरायला नको." आणि पुडी हळूच पदराखाली सारली.

मला कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. तीन वर्षं मी फुलासाठी भांडत होते असं मला वाटत होतं.

तिच्या पदराखालून पुडी ओढून घेतली, सोडली, आणि ती माना टाकलेली फुलं पहिल्या सुपात सगळ्यांत वर ठेवली.

"अगो, सुकलेली हायत ती," सासूबाई म्हणाल्या.

"हायत," मी म्हटलं, आणि तेच सूप उचलून गौरीपुढं गेले.