माझ्या पाठीमागे चाललेला वाऱ्याचा ग्रुप

रविवारी सकाळी तिघऱ्याला जे झालं, ते लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही… तर ऐका.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या ग्वाल्हेरजवळ सांक नदीवर तिघरा धरण आहे. तिथे वीसेक पोरंपोरी विंडसर्फिंग करतात, म्हणजे फळीवर उभं राहायचं, शिड हातात धरायचं आणि वाऱ्याबरोबर सुसाट सुटायचं. दोघं-तिघं काइटवालेही आहेत, मोठ्या पतंगाच्या ओढीवर फळी पळवणारे.

मी ह्यातलं काहीच करत नाही, मला साधं पोहतासुद्धा येत नाही. कॉलेजच्या फिजिक्स लॅबमधून रिटायर झाले आणि गेली आठ वर्षं रोज सकाळी सहाला, नया बाज़ारातल्या आमच्या गच्चीवरून, ह्या मंडळींना व्हॉट्सअ‍ॅपवर वाऱ्याचा अंदाज पाठवत होते. मुलगा खेळायचा तेव्हा सुरू केलं… तो नोकरीला पुण्याला गेला, माझा अंदाज चालूच राहिला.

नुसता आकडा मी कधीच पाठवला नाही. अंदाज असा का, तेही लिहायचे. शहराबाहेरच्या वीटभट्ट्यांचा धूर थोडा वर जाऊन आडवा पसरला, की समजायचं, खालच्या थंड हवेवर झाकण बसलंय. वर कितीही वारा असू दे, ऊन तापून ते झाकण उडेपर्यंत खाली पाण्यावर काही येत नाही. आमचे हे म्हणायचे, "अगं, लोकांना वारा हवाय, तुझं लेक्चर कोण वाचतं?" मी कशाला ऐकते!

मग ह्या वर्षी विलीनीकरण झालं. इकडचे-तिकडचे तीन छोटे क्लब मिळून एक सेंटर झालं, भोपाळहून नवे मॅनेजर आले, सगळी घडी नव्याने बसायला लागली. साहेबांचा पहिला हुकूम… एक सेंटर, एक अ‍ॅप, एक अंदाज. मला फोन आला, अगदी अदबीने, "मैडम, अब आप तकलीफ़ मत कीजिए."

तकलीफ म्हणे! दोन दिवस मी घरात कुणाशी धड बोलले नाही. खरं सांगायचं तर रागापेक्षा रडूच जास्त येत होतं… आता आपला कुणाला काय उपयोग, हे काही डोक्यातून जाईना.

रविवारी सेंटरच्या टीमची निवड होती. अ‍ॅप म्हणत होतं, सात ते नऊ मस्त वारा, मग पडणार. म्हणून साहेबांनी सातची वेळ दिली. निवडणारी मंडळी साडेनऊला निघणार होती, आणि शर्यत झाली नाही तर भोपाळच्या क्लबच्या जुन्या यादीवरूनच टीम ठरणार होती. म्हणजे आमची पोरं बाहेरच.

सहाला गच्चीवर गेले, तर धूर आडवा! मेसेज टाइप केला… आणि पुसला. नाही लिहिणार, असं कबूल करून बसले होते ना. पण घरात बसवेना. ह्यांना उठवलं आणि स्कूटर काढायला लावली.

तिघऱ्याला पोचलो तर परातीत ओतून ठेवल्यासारखं पाणी. सातला पोरं सगळी हजर होती, पण एकानेही शिड बांधलं नव्हतं. कडुनिंबाखाली निवांत पाय पसरून बसलेली. साहेब शिट्ट्या फुंकून फुंकून लाल झालेले.

शेवटी ऋचा उठली. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, बोलायला एकदम फटकळ. "सर, अभी ढक्कन लगा है. धुआँ देखिए ना, लेटा हुआ है. दस के बाद ही हवा उतरेगी."

साहेबांनी वळून माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका. मी चोरून कळवलं, अशीच त्यांची खात्री. माझंही डोकं फिरलं. पर्समधून फोन काढला आणि सरळ त्यांच्या हातात दिला, "देख लीजिए!"

तेवढ्यात ऋचाने आपला फोन पुढे केला… आणि मला जे कळलं ना! ह्या कार्ट्यांचा मला वगळून एक वेगळा ग्रुप होता. दोन वर्षं! रोज माझा मेसेज यायच्या आत प्रत्येकाने धूर बघून वाऱ्याची वेळ लिहायची, आणि मग माझ्याशी ताडून बघायची.

आधी वाटलं, चावट मेले, माझी टिंगल करत होते. मग त्या दिवशीच्या वेळा वाचल्या. दहा, सव्वादहा, दहा वीस… माझा मेसेज नसताना! डोळे घळाघळा वाहायला लागले आणि मी ते लपवलेही नाहीत.

साहेबांनी निवडणाऱ्यांना थांबवून घेतलं, हे मात्र त्यांचं मोठेपण. साडेनऊ झाले… पावणेदहा झाले… पोरं शिडं बांधून तयार, आणि पाणी ढिम्म. मी मनातल्या मनात किती देवांना साकडं घातलं ते त्यांनाच माहीत.

दहा वाजून दहा मिनिटांनी पलीकडच्या काठाजवळ लहरी उठून पाणी काळपट झालं. मग कडुनिंब सळसळला आणि पोरं आरडाओरडा करत पाण्यात घुसली. काय वारा सुटला म्हणून सांगू! आमच्या तीन पोरांची निवड झाली, ऋचा पहिली. मी चपला हातात घेऊन काठावर नाचत होते असं हे सांगतात… नाचले असेन!

साहेब स्वतःहून म्हणाले, "मैडम, कल से आप फिर लिखिए." मी म्हटलं, नको. मला ह्या पोरांच्या ग्रुपमध्ये घाला.

सोमवारी मी लिहिलं साडेदहा. ऋचाने लिहिलं पावणेदहा… आणि पावणेदहाला वारा आला की हो! सगळ्यात जास्त मीच चुकले. तेव्हा कळलं, तिथला नियम असा की जो सगळ्यात जास्त चुकेल त्याने सगळ्यांना बेडई, म्हणजे आमच्याकडची डाळ भरलेली पुरी, खिलवायची.

काल वीस जणांची बेडई घेऊन गेले, आणि वाढताना मला इतकं छान वाटत होतं की काय सांगू. पोरांनो, माझं लेक्चर वाचत होतात, हे आधी सांगितलं असतंत तर ते दोन दिवस मी रडले नसते ना रे… थँक यू.