रेडिओचं कव्हर
ट्रंक उघडली तर डांबरगोळ्यांच्या वासात रेडिओ यायच्या आधीच आईनं विणून ठेवलेलं त्याचं कव्हर निघालं. परक्या लखनौत तिच्या कानावर मराठी पडावं म्हणून बाबांनी दिवाळीच्या पाडव्यासाठी हजरतगंजच्या दुकानात रेडिओ बुक केला होता. ऑफिसातून येताना ते रोज तिथे जात, दुकानदार स्टुलावर बसवून चहा पाजायचा आणि म्हणायचा, "बस, कल." पाडवा गेला, धुकं उतरलं आणि एका सकाळी बाबाही गेले. नंतर मी दुकानात जाऊन त्यांचं नाव सांगितलं. "कल साहब को ही भेज दीजिए," दुकानदार अदबीनं म्हणाला, "वादा उन्हीं से है." ते वारल्याचं मला सांगवेना, "अच्छा," एवढंच म्हणालो. ते दुकान आता नाही, पण हे रिकामं कव्हर हातात घेतलं की वाटतं, बाबा अजून त्या स्टुलावर बसून आहेत.