झळ कुणाच्या अंगणात

देगलूर सोडलं त्या दुपारी टेम्पोत सगळ्यात शेवटी चढवला तो एसीचा बाहेरचा डबा. जाळीवर कुऱ्हाडीचा घाव, पंख्याची पाती वाकलेली, पत्र्यावर रक्त वाळून काळं पडलेलं. ते माझ्या नवऱ्याचं की थोरल्या भाऊजींचं, ते आजही सांगता यायचं नाही. आमचे हे डोक्याला पट्टी बांधून ड्रायव्हरशेजारी बसले होते आणि मी मागं गाद्यांवर. माय, म्हणजे माझ्या सासूबाई, दारात उभ्या होत्या. मी म्हटलं, चला आमच्यासंगं. त्या म्हणाल्या, "त्ये दोघं एका उंबऱ्यात हुबे ऱ्हायले तर येईन. न्हाई तर हितंच मरते."

गल्लीतल्या बायांनो, तुम्ही तेव्हा खिडक्यांतून बघत होतात. एकीनंही पाण्याचा तांब्या पुढं केला नाही, तेही माझ्या ध्यानात आहे. आणि जे आमच्यासारखेच नांदेडला, हैदराबादला, पुण्याला गेलात, त्या तुम्हाला हे सगळं कुणीतरी तिखटमीठ लावून सांगितलंच असणार. म्हणून एकदा माझ्या तोंडून ऐका.

वाटणीत अंगण आणि लिंबाचं झाड भाऊजींकडं गेलं, मागची खोली आमच्याकडं आली. त्या खोलीला बाहेरच्या भिंती दोनच. एक रस्त्याकडची, तिच्यात माहूरच्या रेणुकेची देवळी. दुसरी भाऊजींच्या अंगणाकडची. एसी बसवणारा म्हणाला, डबा रस्त्याकडं लावू, हवा मोकळी जाईल. माय आडव्या आल्या. "देवीच्या भितीला पहार लावायची न्हाई." झालं. भोक दुसऱ्या भिंतीला पडलं आणि डब्याचं तोंड भाऊजींच्या अंगणात आलं. आतली गरमी हा डबा गिळत नाही, बाहेर ओकतो, हे घरात कुणाच्याच डोक्यात आलं नाही. गार हवेचं मशीन म्हणजे गारच, असं आम्ही सगळे धरून चाललो.

भाऊजींची लेक तेव्हा बाळंतपणाला आलेली. वैशाखाच्या दुपारी ती लेकराला घेऊन लिंबाखालच्या बाजेवर पडायची, कारण त्या घरात सावली म्हणावी अशी तेवढीच. आमचा एसी सुरू झाला की भट्टीचं दार उघडावं तशी झळ थेट बाजेवर. लेकराच्या पाठीवर फोड उठले, मग ताप चढला. जाऊबाई येऊन म्हणाल्या, ते बंद करा. हे म्हणाले, बाज सरकवा. बस, एवढंच बोलणं झालं, आणि भाऊजी कुऱ्हाड घेऊन आले.

पहिला घाव जाळीवर बसला. हे हात धरायला धावले, तर कुऱ्हाडीचा तुंबा, पात्यामागची बोथट बाजू, कपाळावर बसला. डोळ्यांत रक्त उतरलं, ह्यांना दिसेना. भिंतीला टेकवलेली पहार हाताला लागली, ती ह्यांनी तशीच फिरवली. भाऊजींच्या नडगीचं हाड मोडलं, तो आवाज मी ऐकला. ओलं लाकूड मोडतं ना, तसा. तरी दोघं थांबेनात. एक आडवा पडलेला, एक गुडघ्यावर, आणि एकमेकांचे गळे धरलेले. एका आईचं दूध प्यालेले भाऊ हे! बाळंतीण किंचाळत होती, माय दोघांच्या मधे पडून मार खात होत्या, आणि तो मेला डबा फुटक्या जाळीतून खडखडत गरम हवा फेकतच होता. मीच आत पळत जाऊन बटण बंद केलं.

दवाखान्यात दोघांनीही सांगितलं, पडलो म्हणून. पोलिसांत कुणी गेलं नाही. ह्यांनी ऑफिसातून नांदेडला बदली मागून घेतली, मला शाळेत तासिकांवर काम मिळालं. डबा मी पहिल्याच आठवड्यात भंगारात दिला. त्यानंतर ह्यांच्यापुढं एसीचं नाव काढलं की ताट भिंतीवर जायचं. वरच्या मजल्यावरचं आमचं घर, उन्हाळ्यात फरशीसुद्धा पोळते, पण दिवस काढले आम्ही तसेच. भावाचं नाव तर कुणी काढतच नव्हतं. देगलूरची गाडी समोरून गेली तरी हे मान फिरवायचे. मला राग यायचा, कुऱ्हाड उचलणाऱ्याचा आणि पहार फिरवणाऱ्याचाही. अजून येतो.

गेल्या हिवाळ्यात भाऊजींच्या त्याच लेकीचा फोन आला. थंडीनं मायचा दमा उसळतो, म्हणून माय दारं लावून बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवत होत्या. त्या धुरानं एक दिवस बेशुद्ध सापडल्या. डॉक्टर म्हणाले, ऊन नको, थंडी नको, धूर तर अजिबात नको, नाहीतर म्हातारी पुढचा हिवाळा बघत नाही. भाऊजींचं घर पत्र्याचं, तिथं हे जमणारं नव्हतं.  उन्हाळा तोंडावर आल्यावर आमचे हे चप्पल घालून म्हणाले, "चल, एसी बघू."

दुकानातल्या पोरगेल्या सेल्समननं इन्व्हर्टर, स्टार, कॉपर असं सगळं धडाधडा सांगितलं. वरचा मजला, पश्चिमेचं ऊन, म्हणजे दीड टन लागेल म्हणाला. मी म्हटलं, गरम हवा पण देणारा पाहिजे. "हॉट अँड कोल्ड? मॅडम, नांदेडात हीटर कोण घेतं? मागवावा लागंल." मागवा, म्हटलं. ह्यांनी एकच विचारलं, "बाहेरचा डबा कुणाच्या अंगावर ओकतो?" तो हसला, आणि ह्यांनी त्याची कॉलर धरली. सगळं दुकान गोळा झालं. मी हात सोडवला, माफी मागितली, आणि तोच प्रश्न नीट शब्दांत पुन्हा विचारला.

बसवणारा घरी आला आणि बघतो तर काय, इथंही बाहेरच्या भिंती दोनच. एकीपलीकडं शेजाऱ्यांची खिडकी. दुसरीपलीकडं आमचीच गॅलरी, पण त्या भिंतीवर रेणुकेची तसबीर. त्यानं सरळ शेजाऱ्यांच्या खिडकीकडं बोट केलं. ह्यांनी त्याचा हात खाली ओढला. मी मायला फोन लावला. म्हटलं, माय, पुन्हा देवीचीच भिंत आलीय, काय करू?

फोनवर त्यांच्या छातीतली शिट्टी ऐकू येत होती. त्या म्हणाल्या, "उचल देवीला. डोंगर उतरून आपल्या घरी आलेली बाई हाय ती, भितीत चिणलेली न्हाई. तवाच म्हणायला पायजे हुतं मी." मी देवीला उचलून स्वयंपाकघरात नेलं. ड्रिल सुरू झालं, विटांचा लाल भुगा उडाला, हे भिंतीला हात लावून उभे होते.

मायला सोडायला भाऊजी जीप घेऊन आले. आले, पण जिन्यापाशीच थांबले. भावाकडं बघेनात. वर गॅलरीत एसीचा डबा घरघरत होता, त्याकडं मान वर करून विचारलं, "तोंड कुणाकडं हाय त्याचं?"

हे गॅलरीतून वाकून म्हणाले, "माझ्याकडं, अण्णा."

मग भाऊजींनी मायचा हात धरला. एक पाय ओढत, पायरी पायरी करत वर आले. खोलीतून सरळ गॅलरीच्या दारात गेले आणि त्या झळीत उभे राहिले. सदरा फडफडत होता, घाम गळत होता. शेजारी हे, कपाळावरची खूण घामानं चमकत असलेली.  माझे डोळे भरून आले, राग असूनसुद्धा.

गाव विचारलं तर मी आजही देगलूरच सांगते. घर मात्र आता ही गॅलरी, जिथं आमची गरमी आमच्याच तोंडावर येते. हिवाळ्यात खोली गरम करताना हाच डबा बाहेर गार हवा फेकेल, तीही आम्हीच घेऊ.

माय खोलीत काठी धरून उभ्याच होत्या, बसल्या नव्हत्या. एका उंबऱ्यात उभ्या असलेल्या दोघांकडं त्यांनी पोटभर बघून घेतलं. मग बाजेवर टेकल्या आणि म्हणाल्या, "आता आत या अन् दार लावा. गार हवा चाललीय सगळी बाहेर."