शेवटचा धागा

“आदी धाग्याला इचारू,” असं म्हणत आमच्या कारखान्यातले जुने कामगार मामा काचेला नाक टेकवायचे. मग विंड टनेलचा पंखा सुरू व्हायचा आणि आम्ही इंजिनिअर मंडळी त्यांच्यामागे मुकाट उभे राहायचो.

साताऱ्यातल्या आमच्या या छोट्या कारखान्यात पत्रा कापणारे मोठे लेसर बनवायचं काम चालतं. त्या लेसरच्या पोटात वायू सतत जोरात वाहता ठेवावा लागतो. कुठे रेंगाळला, की तिथे तापतो आणि किरण बिघडतो. म्हणून त्याच्या वाटेचा पारदर्शक नमुना करून आधी त्यातून नुसता वारा सोडून पाहतात. आत चिकटवलेले धागे वाऱ्याबरोबर सरळ उडाले, तर ठीक.

धागे मामांचे. औंधच्या पलीकडच्या वाडीतलं त्यांचं मेंढपाळाचं घर. बायकोने कातलेलं लोकरीचं सूत ते आणायचे. मी बाजारातून धागे मागवले, तर म्हणाले, यांच्यात जीवच नाही. तुम्ही त्यांना पाहिलं असतं, तर तुम्हालाही माणूस जरा चक्रम वाटला असता. मला तर खात्रीच होती.

बायको गेली आणि सूत यायचं थांबलं. मामा साताऱ्यातल्या खोलीवर एकटेच राहायचे, डबाही एकटेच खायचे. दर चाचणीला धागे आखूड कापू लागले.

एकदा वळणावरचा एक धागा उलटा फिरला. मोजणीची यंत्रं सगळं छान दाखवत होती. मी म्हटलं, मामा, धागा जुना झालाय, द्या सोडून. दुसऱ्या दिवशी ते पुठ्ठ्याला गुंडाळलेला एक धागा घेऊन आले.

“सायेब, हिच्या हातचा एवढाच ऱ्हायलाय. घरी ठेवला हुता. लावा. पर काम झालं की मला माघारी द्या.”

तोही उलटा फिरला. आम्ही वळण बदललं, लेसर नीट चालला, माझी पाठ थोपटली गेली. त्या आनंदात मी नमुना स्पिरिटने लख्ख पुसून ठेवला आणि धागे खरवडून कचऱ्यात टाकले.

सकाळी मामा पुठ्ठा घेऊन आले. मी खरं ते सांगितलं. कचऱ्याची गाडी केव्हाच येऊन गेली होती. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

“असू द्या. तुमचं काम झालं न्हवं?” एवढंच म्हणाले.

ते निवृत्त होऊन आता दोन वर्षं झाली. मध्ये एकदा त्यांच्या वाडीकडे निघालो होतो. कोरेगावपर्यंत गेलो आणि गाडी वळवली. त्यांच्या दारात रिकाम्या हातांनी उभं राहायचा मला धीर झाला नाही.